रिफल्जंट : परतून येणाऱ्या तेजाचा शब्द

चमकणे या साध्या क्रियेसाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. शाइन, ग्लो, ग्लिटर, स्पार्कल हे शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात आणि रोजच्या बोलण्यात ते सहज येतात. रिफल्जंट हे विशेषण मात्र या पंक्तीत बसणारे नाही. ते आजच्या इंग्रजी संभाषणात जवळजवळ ऐकू येत नाही. भेटलेच तर जुन्या कवितेत, एखाद्या शतकापूर्वीच्या भाषणात किंवा लेखकाने मुद्दाम भारदस्त स्वर लावला असेल अशा ठिकाणी भेटते. कोश उघडावा, तर ‘तेजस्वी, देदीप्यमान’ एवढे सांगून तो मोकळा होतो. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या शब्दात तेज आहे आणि त्या तेजाला एक दिशाही आहे. ती दिशा कोठून आली, हे समजून घ्यायचे तर शब्दाचे तुकडे करून पाहावे लागतात.

शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेत ‘फुलगेरे’ म्हणजे लखलखणे, विजेसारखे चमकणे. त्याला ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘रेफुलगेरे’ हे क्रियापद तयार झाले. ‘रे’चा मूळ अर्थ ‘मागे, परत, उलट’ असा असल्यामुळे ‘रेफुलगेरे’ म्हणजे परत चमकणे, पडलेला प्रकाश उलट फेकत झळकणे. घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या कळशीवर उन्हाची तिरीप पडली की ती कळशी डोळ्यांवर जे तेज फेकते, ते या क्रियापदाचे अगदी नेमके उदाहरण म्हणता येईल. कळशी स्वतः जळत नाही. प्रकाश दुसऱ्याचा असतो, पण झळाळी तिची असते. लॅटिन लेखकांनी हा बारकावा प्रत्येक वेळी पाळला असे मात्र नाही, कारण उपसर्ग वापरून वापरून गुळगुळीत होतात आणि पुष्कळदा केवळ जोर देण्यापुरते उरतात.

तरीही चांगल्या कवीच्या हाती हा उपसर्ग जिवंत कसा राहतो, याचे उदाहरण रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात सापडते. नायक ईनियास आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भटकत असताना त्याची आई, म्हणजे देवी व्हीनस, शिकारी तरुणीच्या वेशात त्याला भेटते. तो तिला ओळखत नाही. बोलणे संपवून ती पाठ फिरवते आणि त्या वळण्याच्या क्षणी तिची गुलाबी मान झळकते. येथे व्हर्जिलने ‘रेफुलसित’ हे याच क्रियापदाचे भूतकाळी रूप वापरले आहे. सारा वेळ झाकून ठेवलेले देवत्व ती वळताना एका झळकीत प्रकट होते, आणि मुलाला आई ओळखू येते तेव्हा ती निघालेली असते. सतत तेवणाऱ्या प्रकाशाचा शब्द येथे चालला नसता. वळताना चमकून जाणारे तेजच हवे होते.

उपसर्ग बदलला की तेजाची दिशा बदलते, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये. ‘भा’ म्हणजे प्रकाशणे या एकाच धातूपासून आभा, प्रभा आणि प्रतिभा असे तीन निरनिराळे शब्द आपल्याकडे झाले, ते उपसर्गांच्याच बळावर. लॅटिन ‘फुलगेरे’चेही तसेच झाले. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. तो लागून इंग्रजीत एफल्जंट हे विशेषण आले, ज्याचा अर्थ बाहेर ओसंडणाऱ्या तेजाचा. सूर्य एफल्जंट आणि चंद्र रिफल्जंट असे लक्षात ठेवले तर दोहोंतला फरक विसरला जाणार नाही. इंग्रजी लेखकांनी हा भेद काटेकोरपणे सांभाळला नाही, त्यामुळे हा व्याकरणाचा नियम नव्हे. नवख्या वाचकाच्या सोयीची खूण एवढेच.

आता मूळ धातूकडे वळू. लॅटिनमध्ये ‘फुलगुर’ म्हणजे चमकणारी वीज आणि ‘फुलमेन’ म्हणजे कोसळणारी वीज. वाळूवर वीज पडली की तिच्या उष्णतेने वाळू वितळून काचेच्या वेड्यावाकड्या नळ्या तयार होतात. भूगर्भशास्त्रात त्यांना फल्गुराइट म्हणतात, ते याच ‘फुलगुर’वरून. थोडक्यात, या कुळाचे तेज निरांजनाच्या ज्योतीसारखे शांत नाही. ते कडाडणारे, जाळणारे आहे. भाषाभ्यासकांनी लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या भाषांची तुलना करून जी प्राचीन सामाईक भाषा पुनर्रचित केली आहे, तिच्यात या धातूचे रूप साधारणपणे ‘भ्लेग्’ असे मानले जाते आणि त्याचा अर्थ चमकणे व जळणे असा दुहेरी दिला जातो.

या धातूचा संस्कृतातील वंशज आपल्याकडे असंख्य घरांत रोज उच्चारला जातो. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील गायत्री मंत्रात ‘भर्गो देवस्य धीमहि’ असे शब्द आहेत. त्यातील ‘भर्गस्’, म्हणजे सवित्याचे तेज, हा शब्द लॅटिन ‘फुलगेरे’चा सख्खा नातलग समजला जातो. ‘भर्ग’ आणि ‘फुलग’ हे शब्द शेजारी ठेवले तर पहिल्या नजरेला नाते पटत नाही. पण ते नाते नुसत्या ध्वनिसाम्यावर रचलेले नाही. त्यामागे नियमित वर्णबदल आहेत, आणि ते तपासून पाहता येतात.

पहिला बदल ‘भ’चा. मूळ भाषेतील शब्दारंभीचा ‘भ’ संस्कृतात ‘भ’च राहिला, लॅटिनमध्ये ‘फ’ झाला आणि इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची आहे, तिच्यात ‘ब’ झाला. संस्कृत भ्राता, लॅटिन फ्रातेर, इंग्रजी ब्रदर. संस्कृत भरति, लॅटिन फेरो, इंग्रजी बेअर. एकदोन शब्दांत असे घडले असते तर तो योगायोग म्हणता आला असता, पण हीच रांग पुढे कितीतरी लांबवता येते. दुसरा बदल ‘ल’चा. युरोपीय भाषांत जेथे ‘ल’ दिसतो तेथे संस्कृतात अनेकदा ‘र’ दिसतो. याचे उदाहरण चमकण्याच्याच अर्थाचे आहे. प्रकाशाला लॅटिनमध्ये ‘लुक्स’ म्हणतात आणि त्याचा संस्कृत जोडीदार आहे ‘रुच्’, म्हणजे प्रकाशणे. याच ‘रुच्’पासून झळाळणारे सोने या अर्थाचा ‘रुक्म’ हा शब्द झाला, रुक्मापासून रुक्मिणी झाली आणि रुक्मिणीची आपण रखुमाई केली. पंढरपूरच्या रखुमाईच्या नावात आणि इंग्रजी ‘लाइट’मध्ये एकच धातू आहे, हे ऐकायला ओढूनताणून जोडल्यासारखे वाटते खरे, पण वर्णबदलाचा हिशोब चोख जुळतो. हे दोन्ही नियम ‘भ्लेग्’ला लावले की एका बाजूला ‘फुलग’ आणि दुसऱ्या बाजूला ‘भर्ग’ हाती लागतात.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. संस्कृतात ‘भ्राज्’ असाही धातू आहे आणि त्याचाही अर्थ चमकणेच आहे, त्यामुळे तो ‘भर्ग’चा भाऊ असावा असे कोणालाही वाटेल. अभ्यासक मात्र त्याला वेगळ्या कुळात घालतात. इंग्रजी ‘ब्राइट’ हा शब्द ‘भ्राज्’च्या कुळातला आहे, आणि पांढऱ्या चमकदार सालीचे भूर्ज हे झाड, ज्याला इंग्रजीत बर्च म्हणतात, तेही बहुतेकांच्या मते त्याच कुळातले. ज्यांची हस्तलिखिते आपण जपून ठेवतो त्या भूर्जपत्रांच्या नावातही असे तेजच दडलेले आहे. व्युत्पत्तीच्या प्रांतात सारखे दिसणारे शब्द पुष्कळदा परके निघतात आणि मुळीच न दिसणारे शब्द घरचे निघतात.

‘भ्लेग्’च्या कुळातले काही घरचे लोक तर फारच अनपेक्षित आहेत. लॅटिनमधील ‘फ्लाम्मा’, म्हणजे ज्योत, हा त्यांतला सरळ शब्द. त्यावरून इंग्रजी ‘फ्लेम’ आला. भिगवणजवळ उजनीच्या पाणपसाऱ्यावर किंवा शिवडीच्या चिखलात थव्यांनी उतरणाऱ्या रोहित पक्ष्याचे फ्लेमिंगो हे नावही त्याच्या ज्योतीसारख्या पंखांवरून पडले, असे सामान्यतः मानतात. त्याच पक्ष्याला मराठीत अग्निपंख असेही म्हणतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच पंखात आग पाहिली! ग्रीक शाखेत ‘फ्लेगो’ म्हणजे जाळणे आणि ‘फ्लॉक्स’ म्हणजे ज्योत. हिवाळी वाफ्यांत लावतात त्या फुलझाडाचे नाव हेच. पण सर्वांत विचित्र प्रवास ‘फ्लेग्मा’ या शब्दाचा झाला. त्याचा मूळ अर्थ दाह असा होता. ग्रीक वैद्यकात तो शरीरातील एका द्रवाचे नाव बनला आणि तो द्रव थंड व ओला असतो असे ठरले. परिणामी आज इंग्रजीत कफाला फ्लेम असे म्हणतात. मराठी लेखनात तो ज्योतीच्या ‘फ्लेम’सारखा दिसला तरी इंग्रजीत त्याचे स्पेलिंग आणि उच्चार दोन्ही वेगळे आहेत. आणि कशानेच न तापणाऱ्या थंड स्वभावाच्या माणसाला फ्लेग्मॅटिक म्हणतात. धातू आगीचा आणि शब्द थंडगार.

जर्मानिक शाखेतही हा धातू पोचला आणि तेथे त्याने आणखी एक कोलांटी मारली. इंग्रजी ‘ब्लॅक’ हा शब्द ‘जळलेले’ या अर्थावरून आला असे मानतात. जे जळते ते आधी लखलखते आणि नंतर काळे पडते. लॅटिनने पहिला क्षण उचलला, जर्मानिक भाषांनी नंतरची राख आणि काजळी उचलली. म्हणून झगझगीत तेजाचा रिफल्जंट आणि काळ्या रंगाचा ब्लॅक हे दूरचे चुलत भाऊ ठरतात. आपल्या बाजूला अग्नीशी जोडलेल्या भृगूंचे नावही याच धातूशी जोडले जाते. ऋग्वेदात मातरिश्वा नावाच्या दैवताने भृगूंकडे अग्नी आणून दिल्याची कथा आहे, आणि ज्याच्या नावाने कोकणाला परशुरामक्षेत्र म्हणतात तो भार्गवराम याच भृगूंच्या कुळातला.

शब्दाच्या मुळाइतकेच त्याचे शेपूटही ओळखीचे आहे. रिफल्जंटमधील शेवटचा ‘अंट’ हा लॅटिनमधील वर्तमानकाळवाचक धातुसाधिताचा प्रत्यय आहे; रिफल्जंट म्हणजे शब्दशः ‘परत चमकत असलेला’. संस्कृतात याच्या जोडीचा प्रत्यय ‘अन्त्’ असून दोन्ही मूळचे एकच आहेत. मराठीतील जिवंत आणि ज्वलंत हे शब्द त्याच साच्यातून आले, आणि ‘चालत’, ‘हसत’ यांतील ‘त’ हा त्याच प्रत्ययाचा झिजून उरलेला अंश आहे. ‘ज्वलंत’ आणि ‘रिफल्जंट’ हे शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहावेत. दोहोंचा शेवट एकाच रीतीने वाजतो, आणि तो तसा वाजण्याला कारण आहे.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास आला. त्या काळी आणि पुढे सोळाव्या शतकभर इंग्रज विद्वान लॅटिनमधून शेकडो शब्द उचलत होते. त्यांची थट्टा करणारेही होते. अशा उसन्या पंडिती शब्दांना ते ‘शिंगाच्या दौतीतले शब्द’ म्हणत, कारण ते लोकांच्या तोंडून आलेले नसून लेखकाच्या शाईतून आलेले होते. त्यांतले कितीतरी शब्द विरून गेले आणि कितीतरी टिकले. रिफल्जंट टिकला, पण स्वयंपाकघरात किंवा बाजारात त्याला कधी प्रवेश मिळाला नाही. त्याची पायरी मराठी वाचकाला नेमकी कळेल, कारण आपल्याकडेही चकाकणे, लखलखणे, झळकणे हे शब्द एका पायरीवर आहेत आणि देदीप्यमान, जाज्वल्य हे वरच्या पायरीवर आहेत. घासलेले भांडे लख्ख असते, चकचकीत असते. ते देदीप्यमान आहे असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. देदीप्यमान या शब्दाची घडणही पाहण्यासारखी आहे. ‘दीप्’ या धातूचा पहिला वर्ण दुप्पट करून ‘पुन्हा पुन्हा किंवा अतिशय प्रकाशणारा’ असा अर्थ संस्कृताने साधला, आणि ‘ज्वल्’पासून जाज्वल्यही तसेच घडवले. लॅटिनने जे उपसर्गाने केले, ते संस्कृताने येथे द्वित्वाने केले. चमचम, लुकलुक, झगमग हे शब्द घडवताना मराठी आजही त्याच द्वित्वाच्या वाटेने जाते.

सतराव्या आणि अठराव्या शतकांत रिफल्जंटला कवितेत मानाचे स्थान मिळाले. मिल्टनच्या १६६७ सालच्या ‘पॅरडाइझ लॉस्ट’ या महाकाव्यात स्वर्गातील युद्धाचा प्रसंग आहे. दुसऱ्या दिवशीची पहाट होते आणि सोन्याची चिलखते घातलेले देवदूत रांगा धरून उभे राहतात; त्या सेनेला मिल्टन रिफल्जंट म्हणतो. कोवळा प्रकाश, सोन्याचा पत्रा आणि त्यावरून उलटणारी झळाळी असे सर्व काही तेथे आहे. शब्द शोभेसाठी आणलेला नाही, त्याचा उपसर्ग तेथे काम करतो आहे. लॅटिन उत्तम जाणणाऱ्या कवीकडून हेच अपेक्षित असते.

१७१५ ते १७२० या काळात इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’चा इंग्रजी पद्यानुवाद प्रसिद्ध केला. त्याच्या आठव्या सर्गाच्या शेवटी ट्रोजन सैन्याच्या शेकोट्यांना चांदण्यांची उपमा दिलेली आहे. होमर तेथे चंद्राला ‘फाएइनोस’ या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप लावतो, ज्याचा अर्थ तेजस्वी इतकाच. तो ग्रीकमधला साधा आणि होमरच्या नेहमीच्या वापरातला शब्द असून त्याचे मूळ आपल्या ‘भा’ धातूशी जुळते. पोपने त्या साध्या चंद्राला ‘रात्रीचा रिफल्जंट दीप’ केले. चंद्राचे तेज परावर्तित असते, हे लक्षात घेता विशेषणाची निवड शास्त्रशुद्ध आहे. वाचकांनाही ती आवडली आणि पोपचा अनुवाद लोकप्रिय झाला. अडचण एवढीच की हे विशेषण हाताशी पडून मिळणाऱ्या तयार साच्यांत गेले. चंद्राला दीप म्हणावे, दीपाला रिफल्जंट म्हणावे, आकाशाला ॲझ्युअर, म्हणजे निळेभोर, म्हणावे. मग प्रत्यक्ष आकाशाकडे पाहिले नाही तरी ओळ पुरी होते. आपल्याकडे मुखाला चंद्र आणि डोळ्यांना कमळ लावून श्लोक पाडण्याची सवय कशी जडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दुखण्याचे निदान वेगळे सांगायला नको.

या साचेबंद काव्यभाषेविरुद्ध वर्ड्स्वर्थने आवाज उठवला. माणसे प्रत्यक्षात जी भाषा बोलतात तिच्यात कविता लिहावी, असे त्याचे म्हणणे होते. १८१५ सालच्या एका निबंधात त्याने पोपचे हेच चांदण्याचे वर्णन समोर ठेवून ते खोटे आणि विसंगत असल्याचे सुनावले. चंद्र पूर्ण तेजात असताना त्याच्याभोवती असंख्य तारे लखलखत नाहीत, हे पौर्णिमेच्या रात्री शेतात उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. पोपची बाजू घ्यायची तर होमरच्या मूळ ओळींतही तेजस्वी चंद्राभोवती तारे उठून दिसतातच, त्यामुळे सगळा दोष अनुवादकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पण वाऱ्याची दिशा बदलली होती. पुढच्या पिढ्यांना लॅटिन घाटाची विशेषणे अवजड वाटू लागली. त्यांनी शाइन आणि ग्लीम हे देशी शब्द जवळ केले, आणि रिफल्जंट हळूहळू माळ्यावर गेला.

माळ्यावरून तो एकदा फार प्रभावीपणे खाली काढला गेला. १५ जुलै १८३८ रोजी अमेरिकेतील हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात राल्फ वॉल्डो इमर्सन या अमेरिकी विचारवंताने, पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण धर्मोपदेशकांपुढे भाषण केले. या रिफल्जंट उन्हाळ्यात नुसता श्वास घेणे हीसुद्धा एक चैन झाली आहे, अशा आशयाच्या वाक्याने त्याने सुरुवात केली. उन्हाळा म्हटल्यावर आपल्याला वैशाखाची काहिली आठवते, म्हणून सांगितले पाहिजे की मॅसॅच्युसेट्समधला जुलै हा कुरणे फुललेली असण्याचा, हवाहवासा ऋतू आहे. श्रोत्यांना हे वाक्य निसर्गवर्णन वाटले असेल. पण पुढे त्याच भाषणात इमर्सन एका नीरस प्रवचनाची आठवण सांगतो. बाहेर बर्फ पडत होता. तो बर्फ खरा वाटत होता आणि आत बोलणारा उपदेशक मात्र सावलीसारखा भासत होता. एकीकडे सृष्टीचे उसळून परतणारे तेज आणि दुसरीकडे विझलेले धर्मपीठ, असा विरोध त्याने पहिल्या वाक्यापासून मांडून ठेवला होता, आणि त्यासाठी चर्चच्या कानाला सवयीचा असलेला भारदस्त लॅटिन शब्द त्याने उन्हाळ्याला बहाल केला. भाषणावर मोठे वादळ उठले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे हार्वर्डने त्याला पुन्हा बोलायला बोलावले नाही.

शब्दाचा उच्चार ब्रिटिश वळणाने रिफल्जंट आणि अमेरिकी वळणाने पुष्कळदा रिफुल्जंट असा होतो. तो आज वापरायचा झाला तर प्रसंग पाहून वापरावा. मोटारीच्या नव्या रंगाला तो लावला तर विनोद होतो, आणि काही लेखक नेमका तोच विनोद साधण्यासाठी तो लावतात. संध्याकाळचे ऊन घेऊन पेटलेल्या तळ्याला, कळसाला किंवा बर्फाच्या शिखराला मात्र तो आजही शोभतो, कारण तेथे उपसर्गाला काम मिळते.

त्याचे भावंड एफल्जंट आणि त्यावरून झालेले एफल्जन्स हे नाम इंग्लंड-अमेरिकेत तितकेच जुनाट झाले असले, तरी भारतीय इंग्रजीत ते अजून नांदते आहे. भगवद्गीतेच्या आणि उपनिषदांच्या इंग्रजी भाषांतरांत ‘तेज’, ‘ज्योती’ अशा शब्दांसमोर ते वारंवार दिसते. गायत्री मंत्राच्या अनेक इंग्रजी भाषांतरांत ‘भर्ग’ या शब्दासाठीही एफल्जन्स हाच प्रतिशब्द योजलेला असतो. भाषांतरकाराने भारदस्त शब्द हवा म्हणून तो निवडलेला असतो, आणि छापील पानावर डावीकडे ‘भर्गो’ व उजवीकडे एफल्जन्स असे एकाच धातूचे दोन वंशज आमनेसामने बसलेले असतात.